साप पकडून ठेवलाय? मग त्याच्या खाली काय टाकलंय ते आधी बघा

इचलकरंजी : पावसाळा लागला की पंचगंगाकाठच्या गावांत रोज कुठं ना कुठं साप निघतोय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर घराच्या माळ्यावर, कारखान्याच्या पत्र्यावर, झाडाच्या फांदीवर साप बसलेले लोकांनी बघितले. पुढं ऊसतोड सुरू झाली की फड जसजसा कमी होत जातो तसतसे उरलेल्या पट्ट्यातले साप बाहेर पडतात. आता पूर्वीसारखं लगेच काठी घेऊन धावणं कमी झालंय, लोक सर्पमित्राला फोन करतात. ही चांगली गोष्ट आहे.

पण साप पकडल्यापासून सोडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात तो कशात ठेवला आणि त्याच्या अंगाखाली काय होतं, याकडं कुणाचं लक्ष नसतं. फरसाणाची रिकामी बरणी, रंगाचा डबा, सिमेंटचं पोतं, हाताला येईल ते. वर दया म्हणून कुणीतरी मूठभर भुसा टाकतो, कुणी ओला पाला टाकतो, कुणी मागाखालचं सूत टाकतो. "त्याला बिचाऱ्याला मऊ वाटंल." पकडताना कुठंही न लागलेला साप दोन दिवसांनी मरतो आणि कारण कुणालाच कळत नाही. ते कारण बऱ्याचदा त्या अंथरुणात असतं.

म्हणून हा लेख. सर्पमित्रांसाठी आहेच, पण सर्पमित्र येईपर्यंत ज्यांच्या दारात ही बरणी असते त्यांच्यासाठीही आहे. ज्यांनी रीतसर नोंदणी करून परदेशी साप पाळलाय, त्यांच्याबद्दलही पुढं लिहिलंय.

आधी कायदा

आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळता येत नाही. बिनविषारी असला तरी नाही, लहान असला तरी नाही, "आम्ही त्याला दूध पाजतो" म्हटलं तरी नाही. (साप दूध पीत नाही. तहानेनं व्याकूळ झालेला असला तर समोर येईल ते पितो आणि मग मरतो.) वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, घोणस, धामण हे आता पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. या परिशिष्टातल्या प्राण्याबाबत गुन्हा झाला तर कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय कमीत कमी २५ हजार दंड. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं हेसुद्धा शिकारच. इतर देशी सापांनाही संरक्षण आहे.

तेव्हा देशी सापाच्या अंथरुणाचा विषय हा फक्त काही तासांचा आहे. साप पकडला, वन विभागाला कळवलं, नोंद झाली, जवळच्या योग्य जागी सोडला. मधले जे तास आहेत त्यांच्याबद्दलच आपण बोलतोय. गल्लीतली पोरं रील काढायला चार दिवस साप बरणीत ठेवतात, त्यांना अंथरूण कुठलं घालावं हा सल्ला नाही. त्यांनी साप आधी वन विभागाच्या ताब्यात द्यावा.

अंथरुणाचं एवढं काय?

साप सगळा पोटावर असतो. गाय उभी राहते, कोंबडी फांदीवर बसते, पण सापाचं अंग चोवीस तास जमिनीला लागलेलं. खालची जागा ओली राहिली तर पोटाखालचे खवले लाल होतात, फोड येतात, कुजायला लागतात. आणि ते वरनं दिसत नाही. साप उलटा करून कोण बघणार?

दुसरं, साप जिभेनं वास घेतो. जीभ बाहेर काढून हवेतले, जमिनीवरचे कण टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियाला नेऊन लावतो. खाली धूळ असली की ती धूळ दर वेळी जिभेबरोबर तोंडात. बहुतेक सापांचं उजवं फुप्फुसच कामाचं असतं, डावं नावापुरतं किंवा नसतंच. आपल्यासारखा छातीतला पडदा नसल्यानं त्याला नीट खोकताही येत नाही. बारीक भुसा एकदा आत गेला की तो बाहेर पडणं अवघड. तोंड उघडं टाकून, मान वर करून श्वास घेणारा साप दिसला तर तो रागावलेला आहे असं समजू नका, त्याचा जीव घुसमटतोय असं समजा.

तिसरं म्हणजे ऊन. सापाचं अंग स्वतःची उष्णता तयार करत नाही, बाहेर जेवढी तेवढी आत. त्याला घाम येत नाही. बंद बरणी उन्हात दहा-पंधरा मिनिटं राहिली तरी आतलं तापमान सापाला झेपेल त्याच्या पुढं जातं. चाळीस अंशांच्या वर बहुतेक साप टिकत नाहीत. खाली अंथरूण कितीही चांगलं असू द्या, बरणी गाडीच्या टाकीवर ठेवून चहा पीत बसलात तर सगळं फुकट.

इचलकरंजीचं कापड इथं कामाला येतं

थोड्या तासांसाठी सापाला सगळ्यात चांगलं अंथरूण म्हणजे सुती पिशवी. अंथरूणही तेच, पांघरूणही तेच. आत अंधार असतो, हवा खेळती राहते, साप वेटोळं घालून शांत पडतो. गोणपाटाचं पोतं खरखरीत असतं आणि त्यातनं दात सहज बाहेर येतात. सिमेंटच्या आणि खताच्या पोत्यात पावडर उरलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीत हवाच नाही. आपल्या गावात मागावर मैलोगणती सुती कापड निघतं, तरी आमच्याकडचे बरेच जण अजून खताच्या पोत्यात साप भरतात, याला काय म्हणायचं?

पण कापड घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मागावरनं उतरलेलं कोरं कापड तसंच वापरू नका. सायझिंगमध्ये सुताला खळ लावलेली असते, मागाचं तेलही कुठं कुठं लागलेलं असतं. कोरं कापड कडक असतं, घाम-पाणी शोषत नाही आणि ओलं झालं की खळ चिकट होते. पिशवी शिवायच्या आधी कापड दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुवून, खळ घालवून, कडक उन्हात वाळवून घ्या. जुनं धोतर, जुनी सुती चादर असली तर आणखी चांगलं, फक्त विरलेलं नको.

शिवणीची बाजू बाहेर ठेवायची. कापडाच्या कडेचे सुटे दोरे आत राहिले तर बारीक साप, विशेषतः कवड्या किंवा मण्यारीचं पिल्लू, त्यात अडकतं. दोरा अंगाभोवती आवळला की खवल्यात रुततो. दुहेरी शिवण घाला. पिशवी सापाच्या मानानं खोल असावी, म्हणजे तोंड पिळून गाठ मारल्यावरही आत मोकळी जागा राहते.

आणि विषारी साप कापडातनं चावू शकतो. नागाचा किंवा घोणसाचा दात कापडातनं आरपार येतो. म्हणून ती पिशवी कधीही अंगाला लावून, मांडीवर घेऊन, गळ्यात अडकवून न्यायची नाही. झाकणाला आणि कडेला हवेसाठी बारीक भोकं पाडलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात पिशवी ठेवायची, झाकण पक्कं लावायचं आणि वर "विषारी साप" असं मोठ्या अक्षरात लिहायचं. हे काम शिकलेल्या सर्पमित्राचंच. व्हिडिओ बघून कुणी करू नये. ज्याच्या घरात साप निघालाय त्यानं लांब उभं राहून साप कुठं जातोय एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

रात्र काढायची असेल तर वर्तमानपत्र

कधी कधी वनरक्षक येईपर्यंत रात्र होते. साप जखमी असतो, डॉक्टरकडं न्यायचा असतो. अशा वेळी पिशवीत फार वेळ ठेवण्यापेक्षा हवेशीर डबा बरा, आणि डब्यात खाली वर्तमानपत्र. जगभरात जिथं साप शास्त्रशुद्ध ठेवतात तिथंही उपचार चालू असलेल्या सापाखाली कागदच असतो. कारण साधं आहे. कागद कोरडा असतो, धूळ नसते, ओल लगेच दिसते, रक्त लगेच दिसतं, विष्ठा लगेच दिसते. घाण झाली की गुंडाळून काढायची, दुसरा घालायचा. फुकटात.

चार-पाच थर सपाट अंथरायचे, त्यावर दोन-तीन पानं चुरगाळून सैल गोळे करून टाकायची. साप त्या गोळ्यांच्या आत शिरतो. सापाला मऊपणापेक्षा लपायला जागा महत्त्वाची. उघड्यावर पडलेला साप सतत घाबरलेला असतो, डब्याच्या भिंतीवर नाक घासून घासून तोंडाला जखम करून घेतो. पुरवणीचा गुळगुळीत चकचकीत कागद मात्र नको. तो पाणी पीत नाही आणि त्यावर साप घसरतो. नुकताच आलेला, शाई हाताला लागणारा अंकही नको, आठवडाभर जुना घ्या.

पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा कागद सकाळ-संध्याकाळ बघायचा. हाताला दमट लागला की बदलायचा. बदलताना हात आत घालायचा नाही, हुकनं किंवा लांब चिमट्यानं.

हे टाकू नका

आता आपल्या भागात सहज मिळणाऱ्या वस्तूंकडं वळू. कोंबड्यांखाली चालतं ते सापाखालीही चालणार, असं लोक धरून चालतात. तसं नाही.

वखारीतला लाकडाचा भुसा : सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात वाईट. एक तर धूळ. दुसरं, तो कुठल्या लाकडाचा आहे ते वखारवाल्यालाही सांगता येत नाही. साग, बाभूळ, आंबा, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन, प्लायवूड, सगळं एकाच ढिगात. प्लायमध्ये गोंदाचं रसायन, काही लाकडांना वाळवीचं औषध. देवदार आणि त्या जातीच्या लाकडात जो छान वास येतो तो त्यातल्या तेलांचा. बंद डब्यात तोच वास सापाच्या श्वासनलिकेला आणि यकृताला त्रास देतो. लाकडाला जेवढा वास जास्त तेवढं ते सापापासनं लांब ठेवा.

बगॅस : कारखान्यातनं बाहेर पडताना बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं, थोडी साखरही असते. ढीग घातला की आतनं तापतो आणि बुरशी धरते. वाळलेल्या बुरशीदार बगॅसची धूळ माणसाच्या छातीलाही सोसत नाही, त्या आजाराला बगॅसोसिस असं नावच आहे. एका फुप्फुसाच्या जिवाला तर विचारूच नका.

उसाचं पाचट : कडा धारदार असतात, पाचट ओढणाऱ्याच्या हाताला विचारा. त्यात ओल धरते, वर फवारणीचा अंश.

भाताचं तूस, शेंगांची टरफलं : तूस टोकदार आणि खरबरीत. भक्ष्याबरोबर तोंडात जातं, हिरड्यांत रुततं. टरफलांना बुरशी लवकर लागते.

मागाखालचं सूत, रुईचा कचरा, चिंध्या : दिसायला हे सगळ्यात मऊ, म्हणून आमच्या गावात हमखास हेच टाकतात. सूत सापाच्या दातांत अडकतं. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, अडकलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळतच जातो. पोटात गेलेलं सूत आतड्यात गोळा होऊन बसतं. शिवाय त्यात मागाचं ऑइल.

वाळू : नदीची असो वा क्रशसँड, दोन्ही नको. क्रशसँडचे कण काचेसारखे कोनदार असतात. ओली वाळू गार पडते, कोरडी तोंडात जाते.

ओला पाला, कडुलिंबाचा पाला : औषधी म्हणून कडुलिंब घालतात. बंद डब्यात तो घाम सोडतो, दुसऱ्या दिवशी काळा पडतो. सापाला त्याचा काही उपयोग नाही.

डांबरगोळ्या, फिनेल, कार्बोलिक, उवांची पावडर : सापाच्या अंगावर गोचिडी किंवा बारीक किडे दिसले म्हणून डब्यात पावडर टाकणारे आहेत. ते मारून टाकण्यासारखंच आहे. गोचिडी वन विभागाच्या किंवा पशुवैद्यकीय डॉक्टरांना काढू द्या.

सगळ्या सापांना एकच कागद चालतो का?

काही तासांसाठी चालतो. त्याहून जास्त वेळ उपचारासाठी, वन विभागाच्या परवानगीनं ठेवायचा असेल तर सापाप्रमाणं फरक पडतो. धामण आणि नाग कागदावर चांगले राहतात. फुरसं कोरड्या माळाचं, त्याला दमटपणा अजिबात नको. पाणदिवड ही पाण्यातली म्हणून लोक तिला बादलीत पाण्यात ठेवतात, चूक आहे. ती पाण्यात शिकार करते, पण अंग वाळवायला तिला कोरडी जागा लागतेच, सतत पाण्यात ठेवली की तिच्या अंगाला फोड येतात. हरणटोळ झाडावरचा, त्याच्या डब्यात अंथरुणापेक्षा बारीक फांद्या महत्त्वाच्या, जमिनीवर पसरून ठेवला तर तो कासावीस होतो.

मांडूळ मात्र मातीतलाच. त्याला कागदापेक्षा चाळलेली, उन्हात वाळवलेली, खत न टाकलेली भुसभुशीत माती बरी, चार-सहा बोटं जाडीची, म्हणजे तो तिच्यात बुडून बसतो. मांडुळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो : दुतोंड्या, गुप्तधन, कोट्यवधींचा भाव, हे सगळं थोतांड आहे. त्याला तोंड एकच, शेपूट आखूड आणि बोथट. या नादानं आपल्या भागातली चांगल्या घरची पोरं वन्यजीव गुन्ह्यात अडकली आहेत. मातीच्या टपात मांडूळ ठेवून गिऱ्हाईक शोधणारा कुणी भेटला तर त्याला मातीबद्दल सल्ला देऊ नका, वन विभागाला कळवा.

अंडी सापडली तर उलटा हिशोब

शेणखताचा ढीग उपसताना, जुनी भिंत पाडताना सापाची अंडी सापडतात. नागीण साधारण १२ ते ३० अंडी घालते आणि जवळपास थांबून राखण करते, म्हणून हात घालायच्या आधी थांबा. सापाला जी ओल वाईट तीच अंड्याला लागते. सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, कातड्यासारखं मऊ असतं. कोरड्यात ठेवलं की ते आत चेपतं आणि पिल्लू वाळून जातं.

शक्यतो अंडी आहेत तिथंच राहू द्या, पिल्लं बाहेर पडेपर्यंत ढीग तसाच ठेवा. ते जमण्यासारखं नसेल तर वन विभागाला सांगून सर्पमित्र अंडी हलवतात. रोपवाटिकेत मिळतं ते कोकोपीट इथं उपयोगाचं : भिजवून, मुठीत दाबलं तर पाण्याचा थेंब पडणार नाही इतकं पिळून, भोकं असलेल्या डब्यात घालायचं आणि त्यात अंडी अर्धी पुरायची. जी बाजू वर होती तीच वर राहिली पाहिजे. आधी पेन्सिलनं वर खूण करतात ती यासाठीच. अंडं फिरवलं की आतलं पिल्लू मरतं. नागाची पिल्लं पन्नास-साठ दिवसांच्या आसपास बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतात.

मडक्यातला नाग

जुनी माणसं म्हणतील, "शिराळ्यात नाग मडक्यात ठेवायचे, कुठलं आलंय अंथरूण?" शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यात ठेवायची, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायची रीत होती. मातीचं मडकं थंड असतं, आत अंधार असतो, बाहेरची हवा फडक्यातनं जाते. भांडं म्हणून मडकं वाईट नाहीच. तमिळनाडूतल्या वडनेम्मेली इथं इरुळा आदिवासींची सर्प सहकारी संस्था १९७८ पासून आहे. सर्पदंशाच्या लसीसाठी विष काढायला आणलेले साप तेही मडक्यातच ठेवतात. फरक असा की तिथं सरकारी परवाना आहे, किती साप पकडायचे ते ठरलेलं आहे, ठरावीक वेळा विष काढलं की साप परत सोडायचा आहे.

शिराळ्यात प्रश्न मडक्याचा नव्हता, दिवसांचा आणि हाताळण्याचा होता. मिरवणूक, आवाज, गर्दी, खेळ. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागाची पूजा आणि मिरवणूक बंद झाली. २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं फक्त शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला परवानगी दिली, पूजा-खेळाला नाही. या विषयावर गावोगाव दोन मतं आहेत आणि राहतील. मला स्वतःला नाग बांधावर बघायला आवडतो, उंदीर तिथंच असतात.

आपल्या जिल्ह्यात साप नीट बघायचा असेल तर चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीचं नाव घ्यावं लागतं. तिथल्या शाळेत बाबुराव टक्केकर गुरुजींनी पोरांना साप ओळखायला शिकवलं, ते आजही सांगितलं जातं. पुण्याच्या कात्रजला नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू केलं. अशा ठिकाणी जाल तेव्हा नुसता साप बघू नका, त्याच्या खाली काय आहे, लपायला काय दिलंय, पाणी कुठं ठेवलंय तेही बघा.

नोंदणी केलेला परदेशी साप

शहरांतनं आता बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप पाळतात. इचलकरंजीतही पोरं मोबाईलवर बघून विचारायला लागली आहेत. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीत आहे. अशा प्राण्यांसाठी केंद्रानं २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम काढले : प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची, मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी खरेदीचे कागद जपून ठेवा. कागद नसलेला साप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

यांच्यासाठी दुकानात तऱ्हेतऱ्हेची अंथरुणं मिळतात. नवीन साप घरात आला की पहिला महिना-दोन महिने कागदच ठेवा. त्याची विष्ठा कशी आहे, अंगावर किडे आहेत का, हे कागदावरच कळतं. मग हवं तर बदला. कॉर्न स्नेकला कोरडं लागतं, त्याला अॅस्पेन लाकडाच्या धूळविरहित चकत्या चालतात, पण त्या ओल्या झाल्या की बुरशी धरतात. बॉल पायथनला थोडा दमटपणा लागतो, त्याला नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे चांगले. तुकडे म्हणतोय, पावडर नव्हे. कोकोपीटची कोरडी पावडर नाकपुड्यांत आणि ओठांजवळच्या खळ्यांत बसते. नारळाचा माल कधी कधी खारट असतो, म्हणून दोन पाणी धुवून वाळवून घ्यायचा.

कात टाकायच्या दिवसांत डोळे निळसर दुधाळ दिसतात. तेव्हा सगळं अंथरूण भिजवू नका. एका डब्यात ओलं पिळलेलं कापड ठेवून बाजूला द्या, साप स्वतः तिथं जाईल. कात ओढून काढायची नाही.

खायला घालताना साप दुसऱ्या रिकाम्या डब्यात घ्या किंवा खाली कागद ठेवा, म्हणजे भक्ष्याबरोबर अंथरूण पोटात जाणार नाही. चुकून एखादा तुकडा गेला तर निघून जातो, रोज गेला तर साठतो. खाणं बंद झालं, पोटाचा एक भाग टणक लागायला लागला, तर सापावर उपचार करणारा पशुवैद्य गाठा, तेल पाजू नका. आणि गरमीचा पॅड जाड अंथरुणाखाली कधीच ठेवू नका. वरचं गार लागतं म्हणून साप खाली खणत जातो आणि पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅटशिवाय पॅड लावायचाच नाही. आपल्याकडं लाइट जाते-येते, आल्यावर पॅड किती तापतो ते एकदा हातानं बघा.

धुणं-पुसणं

घाण रोजच्या रोज काढायची. कागद असेल तर सगळाच बदलायचा, नारळाचे तुकडे असतील तर घाणीभोवतीचे काढायचे आणि महिन्याला सगळे. डबा साबणाच्या पाण्यानं धुवायचा. ब्लीचिंगचं पातळ पाणी फिरवलं तर नंतर स्वच्छ पाण्यानं तीन-चार वेळा खळबळून वास जाईपर्यंत उन्हात वाळवायचा. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असतात, ते माणसाला जुलाब लावतात, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना जास्त. म्हणून हा डबा स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायचा नाही, नंतर हात साबणानं धुवायचे. काढलेला कागद चुलीत घालू नका, लांब खड्ड्यात पुरा.

चावलाच तर

डब्यातलं अंथरूण बदलताना, पिशवी सोडताना दंश होण्याचा धोका सगळ्यात जास्त, त्यात सर्पमित्रही सुटत नाहीत. दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता, अंगठी-बांगडी-कडं काढून, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं थेट सरकारी दवाखान्यात : इचलकरंजीत आयजीएम, कोल्हापुरात सीपीआर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस एकच आहे, त्यामुळं साप कुठला ते कळलं नाही तरी उपचार थांबत नाहीत. साप मारून किंवा डब्यात घालून दवाखान्यात न्यायची गरज नाही. लांबनं फोटो मिळाला तर बरं, नाही मिळाला तरी चालतंय.

साप निघाला तर वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६. फोन केल्यावर गाव, तालुका, घराची खूण, साप किती लांब आहे आणि आत्ता कुठं बसलाय एवढं सांगा. सर्पमित्रानं आधीच पकडून ठेवला असेल तर किती वाजता पकडला आणि कशात ठेवलाय तेही सांगा.